गोधडी कधीपासून? बाळाच्या झोपेची तयारी, पहिल्या रात्रीपासून

उत्तर आधी सांगते, कारणं मग. बाळाला एक वर्ष पूर्ण होईपर्यंत झोपताना अंगावर सुटं पांघरूण नको, डोक्याखाली उशी नको आणि शेजारी मऊ खेळणंही नको. वर्ष झालं की लहानसं पातळ पांघरूण आणि एखादं छोटं मऊ खेळणं चालतं. उशीची घाई तेव्हाही नाही, ती दोन वर्षांच्या आसपास.

हे लिहिणारी बाई गोधड्या शिवते, हेही सांगून टाकते. जुन्या सुती साड्या, नऊवारीची काठं, धावदोरा, कोपऱ्यात फुल्या. नात्यात कुणाला दिवस गेल्याचं कळलं की माझी सुई सुरू. माझी स्वतःची दोन्ही मुलं साताऱ्यात गोधडीखालीच वाढली. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा दुपटी जास्त होती. दवाखान्यातून घरी सोडताना नर्सने विचारलं, बाळ कुठे झोपणार, पाळण्यात काय काय आहे? लेक म्हणाली, चादर घातलेली गादी, बाकी काही नाही. मला वाटलं, हिला बाळाची काळजी नाही की काय! पहिल्याच रात्री सगळे झोपल्यावर मी गुपचूप नातीच्या अंगावर दुपटं टाकलं. लेकीने ते अर्ध्या तासात काढलं आणि सकाळी मला समोर बसवून कारणं सांगितली. राग आला होता, नाकारत नाही. पण कारणं खरी होती.

दुपटं वर कसं सरकतं

तीन महिन्यांचं बाळ दुपट्याखाली झोपलेलं असताना दहा मिनिटं नुसतं बघत बसा. आधी पाय हलतात. टाचा गादीला टेकवून ते पाय झाडतं, सायकल मारल्यासारखे. प्रत्येक लाथेला दुपट्याची खालची कड पोटाकडे गोळा होते आणि वरची कड दोन बोटं पुढे सरकते. छातीवरून गळ्याशी, गळ्यावरून हनुवटीशी. मग हात वर येतात, मुठीत कापड सापडतं आणि मूठ तोंडाकडे जाते. इतकं झालं की नाक झाकायला फारसं काही उरत नाही.

मोठा माणूस झोपेतच ते भिरकावून देतो. बाळाला हे जमत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत ते मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची. तोंडावर कापड किंवा मऊ उशी आली की सोडलेलाच श्वास ते पुन्हा पुन्हा आत घेतं, प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. अशा वेळी शरीराने दचकून जागं व्हायचं, मान फिरवायची, रडायचं. काही तान्ह्या बाळांमध्ये ही जाग येण्याची यंत्रणाच अजून पक्की झालेली नसते. कोणत्या, ते आधी ओळखता येत नाही. सुदृढ दिसणारं बाळ झोपेत जातं, त्या आकस्मिक शिशुमृत्यूला डॉक्टर ‘सिड्स’ म्हणतात. त्यातले बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतले आणि सर्वांत जास्त पहिल्या ते चौथ्या महिन्यातले. चार महिन्यांनंतर धोक्याचं रूप थोडं बदलतं. बाळ लोळायला लागतं आणि लोळत जाऊन उशीत, लोडात, टेडीच्या पोटात तोंड खुपसतं. म्हणून ‘आता मान धरली, आता चालेल’ हा हिशेब बरोबर नाही.

पाश्चात्त्य देशांत एके काळी डॉक्टरच बाळाला पालथं झोपवायला सांगत. ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली ‘बाळाला पाठीवर झोपवा’ अशी मोहीम निघाली आणि काही वर्षांत सिड्सचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आपल्याकडे बाळाला उताणं झोपवायची रीत जुनीच, तिथे आपल्या आज्या बरोबर होत्या. पांघरुणाच्या बाबतीत आमचा अंदाज चुकला. अमेरिकेत आजही वर्षाला साधारण 3,500 बाळं झोपेशी संबंधित कारणांनी दगावतात, म्हणून तिथली नर्स घरी सोडताना इतक्या चौकशा करते.

‘आमची नाही का वाढली?’ हा प्रश्न मीही विचारला होता. वाढली. माझा धाकटा चार महिन्यांचा असताना एका पहाटे त्याच्या तोंडावरचं दुपटं मी स्वतः बाजूला केलं होतं, तो घामाने भिजला होता. मी ते ‘बरं झालं, जाग आली’ म्हणून विसरून गेले. ज्या घरात जाग आली नाही, त्या घरातली बाई ‘आमची नाही का वाढली’ म्हणत नाही.

पहिलं काम: जागा

बाळ घरी यायच्या आधीच हे करून ठेवा. जागा सपाट हवी, टणक हवी आणि रिकामी हवी.

टणक म्हणजे काय ते हाताने ठरवा. गादीवर तळहात जोराने दाबा आणि उचला. खळगा तसाच राहिला तर ती गादी बाळाची नाही. पिंजाऱ्याकडून नुकतीच भरून आणलेली कापसाची गादी म्हणूनच वाईट, ढगासारखी फुगलेली असते. वापरून बसलेली, चपटी झालेली गादी बरी. जमिनीवर सतरंजी, त्यावर पातळ टणक गादी, त्यावर सुती चादर खाली घट्ट खोचलेली, एवढं पुरे. रबरशीट घालायचं तर चादरीच्या खाली. माझ्या गोधडीलाही इथे काम आहे: एकच पातळ गोधडी, चारी बाजूंनी ताणून, सुरकुती न ठेवता, चादरीखाली. दोन-तीन घड्या घालून मऊ बिछाना करायचा नाही.

लाकडी कठड्याचा पलंग घेतलात तर दोन गोष्टी मोजा. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे कोल्ड्रिंकचा जाड कॅन त्यातून जाता कामा नये. कठड्याला आतून बांधायच्या मऊ पट्ट्या विकत घेऊ नका, अमेरिकेत 2022 च्या कायद्याने त्यांच्या विक्रीवरच बंदी आली.

बाळाची जागा आईच्या खोलीत, निदान पहिले सहा महिने. हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या गादीवर.

दुसरं काम: ऊब बाळाला घाला, बाळावर टाकू नका

या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे. थंडी लागू नये ही आजीची इच्छा अगदी योग्य आहे. पण ऊब कपड्यांतून द्यायची, कारण अंगात घातलेलं झबलं लाथ मारली तरी नाकावर चढत नाही.

किती घालायचं? त्या खोलीत तुम्ही जेवढं घालून आरामात बसाल, त्यापेक्षा फार तर एक थर जास्त. मुंबईत ऑक्टोबरच्या उकाड्यात एक बिनबाह्यांचं सुती झबलं आणि लंगोट. पुण्यात डिसेंबरच्या रात्री आतून सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचं पायमोज्यांसकट असलेलं कापडी अंगडं आणि त्यावर झोपायची पिशवी. नाशिक-निफाडकडे पारा आणखी खाली जातो, पण बंद खोलीत बाहेरची थंडी जशीच्या तशी नसते. शेदोनशे रुपयांचं खोलीचं थर्मामीटर घेऊन भिंतीला लावा. आजी-आईचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

थंडी लागते का ते हातापायांवरून ठरवू नका. धडधाकट बाळाचे तळहात-तळपाय गारच लागतात. दोन बोटं कॉलरच्या आत, मानेच्या मागे घाला, किंवा तळहात पोटावर ठेवा. कोमट आणि कोरडं लागलं तर सगळं ठीक. मान ओलसर, केस चिकटलेले, गाल लाल, छाती तापलेली असली तर एक थर ताबडतोब काढा. बाळाला जास्त गरम होणं हाही सिड्सचा एक धोका आहे, नुसत्या घामोळ्यांचा प्रश्न नाही. उन्हाळ्यात रात्री वीज गेली की हे विशेष. पंखा बंद पडला की आधी बाळाचा एक कपडा कमी करायचा, मग मेणबत्ती शोधायची.

टोपडं आणि कुंची घराबाहेर. घरात झोपताना डोकं उघडं राहू द्या, कारण बाळ जादा उष्णता मोठ्या प्रमाणात डोक्यावाटे बाहेर टाकतं. शिवाय कुंचीची नाडी गळ्याशी असते. ‘कान झाक, वारं लागेल’ म्हणणारी व्यक्ती घरात असेल तर पंख्याची दिशा बदला, टोपड्यापेक्षा ते सोपं.

आता ती झोपायची पिशवी, म्हणजे स्लीप सॅक. बिनबाह्यांच्या लांब झबल्यासारखी असते, खाली बंद. पाय आत मोकळे हलतात, हात बाहेर राहतात. तिच्या जाडीला ‘टॉग’ नावाचा आकडा असतो. साधारण 24 ते 27 अंशांच्या खोलीला 0.5 टॉग, 20 ते 24 ला 1 टॉग, 16 ते 20 ला 2.5 टॉग. महाराष्ट्रात बहुतेक घरांना 0.5 ची एक आणि हिवाळ्यासाठी 1 ची एक पुरते. गळा असा हवा की पिशवीच्या आत डोकं घसरणार नाही, म्हणून ‘पुढे होईल’ म्हणून मोठ्या मापाची घेऊ नका. हूड नको. वाळू किंवा मणी भरलेल्या ‘वजनदार’ पिशव्या आणि पांघरुणं तर अजिबात नकोत, छातीवर भार येतो.

मी त्या हिवाळ्यात बॅगेतलं एक दुपटं उसवून नातीला पिशवी शिवली. तुम्हालाही जमेल. बाळाचं अंगात नीट बसणारं बिनबाह्यांचं झबलं जुन्या सुती साडीच्या दुहेरी कापडावर ठेवायचं. गळा आणि बाह्यांची भोकं त्या झबल्याएवढीच कापायची, सैल नाहीत. काखेपासून खाली घंटेसारखं रुंद करत न्यायचं आणि पायांच्या खाली वीतभर जागा सोडून तळ शिवून टाकायचा. आत कापूस भरू नका, दोन थरांवर धावदोरा मारला की पुरेशी ऊब येते. उघडायला एका बाजूने चेन लावा, तिचं टोक वरच्या बाजूला बाळाच्या कातडीला टोचणार नाही असं कापडाने झाका. गळ्याशी नाडी नको, बटणं लावलीत तर ती ओढून बघा. धुताना टाके उसवलेत का तेही बघा, कारण लोंबणाऱ्या दोऱ्यात बाळाचं बोट अडकतं. गोधडीची गोधडी, आणि नाकावर येत नाही.

अगदी नवजात आणि कमी वजनाची बाळं

वरचे नियम धडधाकट बाळांसाठी. पहिल्या काही दिवसांत, आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत अंग गार पडणं हाच मोठा धोका असतो. दवाखान्यात टोपी, मोजे घालतात ते त्यासाठीच. अशा बाळाचे पाय गार आणि पोट गरम असेल तर त्याला थंडी वाजायला लागली आहे असं समजा. आईने जागेपणी त्याला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरावं, याला कांगारू काळजी म्हणतात. पोटही गार लागत असेल, बाळ मलूल असेल किंवा दूध ओढत नसेल तर छातीशी धरूनच थेट दवाखाना गाठा. टोपी किती दिवस ठेवायची ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. पण अशा बाळांनाही सुटं पांघरूण नकोच, उलट त्यांना सिड्सचा धोका जास्त असतो.

आणि शेगडी! बाळंतिणीला शेक द्यायला कोळशाची शेगडी आणतात आणि थंडी म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आई आणि बाळ दोघंही झोपेतून उठत नाहीत. बंद खोलीत शेगडी कधीही नाही. ओवा-वावडिंगाची धुरीही नको, आणि बाळाच्या खोलीत विडी-सिगारेट तर नकोच नको. तंबाखूचा धूर सिड्सचा धोका वाढवतो, बाळ पोटात असल्यापासून.

दुपट्यात गुंडाळायचं की नाही

गुंडाळणं म्हणजे पांघरणं नव्हे, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे चालतं. तीन अटी. पातळ सुती कापड, खांद्यांच्या खालीच. छातीशी तुमची बोटं जातील इतकं सैल, आणि कमरेखाली तर अगदी मोकळं: बाळाचे पाय बेडकासारखे दुमडून फाकता आले पाहिजेत. पाय सरळ ओढून घट्ट बांधायची जुनी पद्धत खुब्याच्या सांध्यांना वाईट. आणि गुंडाळलेलं बाळ फक्त उताणं.

कुशीवर वळायची खटपट दिसली की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. हे बहुधा तीन-चार महिन्यांत होतं. हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर त्याला तोंड वर उचलायला हात नसतात. दुपटं सोडवलं की पहिल्या दोन-तीन रात्री बाळ दचकून उठतं, तेवढं सोसायचं.

दुकानातून आणि बारशातून आलेलं सामान

‘बेबी बेडिंग सेट’ म्हणून जे मिळतं, त्यात एक छोटी गादी, एक उशी, दोन्ही बाजूंना दोन लोड आणि वर छत्रीसारखी मच्छरदाणी असते. उशी आणि दोन्ही लोड काढून ठेवा. बाळ पडेल म्हणून लोड लावायचे असतील तर बाळालाच पलंगावरून जमिनीवरच्या गादीवर आणा. राहिलेली गादी टणक आहे का, वर सांगितल्याप्रमाणे तळहाताने बघा.

मच्छरदाणी मात्र हवी. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत ती काढा असं मी तरी सांगणार नाही. जाळी ताणलेली असावी, बाळाच्या हाता-तोंडापासून दूर, तिच्या कडा गादीखाली दाबलेल्या. सैल जाळी बाळाच्या चेहऱ्यावर पडली तर तीही एक पांघरूणच झाली. बाळ सरकायला लागलं की छत्री उलटते, तेव्हा मोठी टांगायची मच्छरदाणी घ्या.

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. डोकं चपटं होणं बहुतेक वेळा आपोआप सुधारतं. त्यासाठी झोपवताना डोक्याची दिशा रोज आलटून-पालटून बदला आणि बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसलेल्या असताना, दिवसातून दोन-तीनदा त्याला पोटावर ठेवा. उशीची शिवण उसवली तर मोहरी नाकातोंडात जाते ते वेगळंच.

साडीच्या झोळीबद्दल बोलणं मला जड जातं, कारण मी स्वतः झोळीत वाढले. पण झोळीत बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते, तिथे श्वासाची नळी चिमटते. थोडी मोठी मुलं खेळता खेळता झोळीच्या पिळात मान अडकून दगावल्याच्या नोंदी आपल्या देशातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. निजवायला झोळी घेतलीत तर बाळाकडे बघत राहा आणि झोप लागली की उचलून सपाट गादीवर ठेवा. गाडीतली खुर्ची, बाउन्सर, बाबागाडी यांनाही हाच नियम.

पाळणा चालतो, तळ सपाट आणि टणक असेल तर. झोप लागली की झोका थांबवायचा. बाळ हातांवर उठायला किंवा लोळायला लागलं की पाळण्याची रजा. वर टांगलेलं चिमणाळंही तेव्हाच काढायचं, कारण हात पोचला की दोरी गळ्याशी येते. गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी रात्री काढून ठेवा. दृष्ट लागेल अशी भीती वाटत असेल तर काजळाचा टिक्का तळपायाला लावा, तिथून तो कुठे जात नाही.

बारशाला आलेली ब्लँकेटं आणि टेडी परत करायची नसतात. एका खोक्यात भरा, वर बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची तारीख लिहा आणि माळ्यावर टाका. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर नकार द्यावा लागत नाही. पांघरूण दिवसा वापरता येतंच, बाळ मांडीवर असताना, कुणाचं तरी लक्ष असताना.

उताणं झोपवल्यावर दूध अडकेल का?

ही भीती सगळ्यांना असते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला चढ चढावा लागतो, म्हणून बाळ ते गिळतं किंवा खोकून काढतं. पालथं असताना उलट होतं. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पण डोक्याखाली उशी देऊन बाळाला उतरतं ठेवू नका, बाळ घसरून मान दुमडते.

बाळ स्वतःहून पालथं पडायला लागलं की रात्री दर तासाला उठून सरळ करत बसू नका. झोपवताना उताणं झोपवा. मग दोन्ही बाजूंनी वळता येणारं बाळ झोपेत पालथं झालं तर तसंच राहू द्या. मात्र आजूबाजूला काहीही नसणं आता जास्तच महत्त्वाचं.

कुशीत घेऊन झोपण्याबद्दल

आपल्याकडे बहुतेक आया बाळाला कुशीत घेऊन झोपतात, हे मला माहीत आहे. सुरक्षित म्हणजे शेजारची वेगळी गादी. मध्यरात्री पाजता पाजता डोळा लागणारच असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नका, तिथे बाळ फटीत घसरतं आणि तो धोका पलंगापेक्षा कितीतरी जास्त. जमिनीवरच्या गादीवर आडवं होऊन पाजा, आजूबाजूची उशी दूर सारा, तुमचं पांघरूण कमरेपर्यंतच ठेवा, केस बांधा आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागेवर ठेवा. दोघांच्या मध्ये नको, थोरल्या भावंडाच्या शेजारी नको. घरात कुणी दारू प्यायलं असेल, झोपेचं औषध घेतलं असेल, विडी ओढत असेल, किंवा बाळ कमी वजनाचं असेल, तर कुशीत घेऊन झोपायचा विचारही नको.

वर्ष झाल्यावर

पहिला वाढदिवस झाला, माळ्यावरचं खोकं उतरवा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय कसं धरायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

मधल्या काळात एक मोह होतो, त्याबद्दल सावध करते. सात-आठ महिन्यांचं बाळ ‘बुवा कुक’ खेळताना तोंडावरचा रुमाल झटक्यात ओढतं आणि खदाखदा हसतं. ते बघून वाटतं, झालं, आता याला पांघरूण काढता येतं. पण ते जागं आहे, खेळात आहे, तुमचा चेहरा बघायला उत्सुक आहे. गाढ झोपेत तोच हात तसा हलेल याची खात्री नाही. पुढच्या चार महिन्यांनी तुमचं काही जात नाही.

पहिलं पांघरूण पातळ सुती असावं, लहान मापाचं, झालर-गोंडे नसलेलं. मोठ्यांची रजई, दुलई, जड ब्लँकेट नाही. सुरुवात दुपारच्या झोपेने करा, तुम्ही त्याच खोलीत असताना. छातीपर्यंत पांघरा, हात बाहेर. पहिले काही दिवस ते पाच मिनिटांत लाथाडलं जातं, म्हणून रात्री कपड्यांचे थर तसेच ठेवा. ज्या बाळाला पिशवीत झोप लागते त्याला ती दीड-दोन वर्षांपर्यंत घाला, काही बिघडत नाही.

ब्रिटनमध्ये याबाबत थोडी वेगळी सवलत आहे, तिकडचे नातेवाईक सांगतील म्हणून लिहिते. तिथे वर्षाच्या आतही पातळ पांघरूण चालतं, पण बाळाचे पाय पलंगाच्या पायथ्याला टेकवून, पांघरूण खांद्यांच्या खाली ठेवून आणि कडा गादीखाली पक्क्या खोचून. जमिनीवरच्या गादीवर असं खोचणं रात्रभर टिकत नाही. मी तो मार्ग धरला नसता.

मऊ खेळणं एकच द्या. तुमच्या तळहातापेक्षा थोडं मोठं, हलकं. डोळे दोऱ्याने भरलेले असावेत, बटणाचे किंवा चिकटवलेले नाहीत. गळ्यात रिबन असेल तर कापून टाका. शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा, आतला कापूस किंवा दाणे दिसले तर नको. दाबल्यावर गाणारं नको, आत बॅटरी असते. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, लेबल बघून घ्या. बाळाएवढा मोठा टेडी खाली जमिनीवर बसवा. पलंगात ठेवलात तर उभं राहणारं मूल त्याच्यावर पाय देऊन कठडा ओलांडतं.

घरातल्या मोठ्यांना कसं सांगायचं

‘डॉक्टर नको म्हणाले’ हे वाक्य कामाचं आहे, पण अपुरं. आम्हाला नुसतं नको म्हटलं की हातातलं काम गेल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा काम द्या. ‘आई, जरा मानेला हात लावून बघता का, गरम लागतंय का?’ ‘तुमच्या साडीची पिशवी शिवून देता?’ लेकीने माझ्याबरोबर हेच केलं. पांघरायची मनाई झाली तरी मान तपासायचं खातं माझ्याकडे आलं आणि रात्री दोनदा उठून मी ते इमानाने सांभाळलं.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मी परत गेले तेव्हा बॅगेत एकच गोधडी होती, हिरव्या इरकलीच्या काठाची, आठ महिने रोज थोडी थोडी शिवलेली. तिने ती दोन्ही हातांनी ओढत जेवणाच्या टेबलाखाली नेली, तिच्यावर बाहुलीला बसवलं आणि त्यावर दही सांडलं. पांघरून झोपायला तिने आणखी पाच महिने घेतले.